साहेबांना बोलावणं

माझ्या धाकट्या भावाने कुत्र्याचं नाव 'साहेब' ठेवलं तेव्हाच मी कपाळावर हात मारून घेतला. मुलगा शिकायला लांब गेला, घर खायला उठलं, म्हणून नवरा-बायकोने पिल्लू आणलं, इथपर्यंत ठीक. पण साहेब?

"अरे, नाव ठेवतानाच तू त्याचा शिपाई झालास की!" मी म्हटलं.

भाऊ हसला. तो हसला की समोरच्याचा राग विरघळतो हे त्याला लहानपणापासून ठाऊक आहे, आणि त्या हसण्यावर त्याने निम्मं आयुष्य काढलंय. "ताई, तू ना, दिसेल त्याला वर्गात बसवतेस. हे घर आहे गं. इथे साहेब म्हणतील ती पूर्व दिशा."

आणि झालंही तसंच. साहेब सोफ्यावर पसरले की पाहुण्यांनी खुर्ची शोधायची. साहेबांनी ताटात तोंड घातलं की भाऊ म्हणायचा, "असू दे, त्याला वास आला." साहेब वाढत गेले. तांबूस अंग, एक कान उभा आणि एक पडलेला, छाती अशी रुंद की ते दारातून आत येताना आपणच बाजूला व्हायचं. स्वभाव मात्र लोण्यासारखा. हे आत्ताच सांगून ठेवते, कारण पुढचं ऐकलं की लोक म्हणतात, जातच वाईट असेल. जात कसली डोंबलाची! त्या कुत्र्यात वाईट म्हणून काही नव्हतं.

माझा धंदाच कुत्र्यांना शिकवण्याचा आहे. पालिकेच्या मैदानाच्या एका कोपऱ्यात माझा वर्ग भरतो. लोक येतात ते सोफा फाटल्यावर, चपला खाऊन झाल्यावर, शेजाऱ्याशी भांडण झाल्यावर. आल्या आल्या विचारतात, "हात मिळवायला शिकवाल का?" मी म्हणते, हात मिळवून काय करायचंय, त्याला निवडणुकीला उभं करताय? चार गोष्टी शिकवा. बस, थांब, सोड आणि ये. बाकीचे सगळे चोचले. आणि या चारातलं एकच शिकवायचं बळ असेल तर 'ये' शिकवा, कारण रस्त्यावर, गर्दीत, गाडीपुढे तेच उपयोगी पडतं.

'ये' शिकवायला सोपं आणि बिघडवायला त्याहून सोपं. तुम्ही 'ये' म्हटलंत आणि ते आलं, तर त्याचं भलंच व्हायला हवं. खाऊ मिळो, थोपटणं मिळो, काहीतरी चांगलं. रागवायचंय? तुम्ही उठा आणि त्याच्याकडे जा. आंघोळ घालायचीय, नखं कापायचीत, कोंडून ठेवायचंय? तुम्ही पाय हलवा. बोलावून घेऊन हे करायचं नाही. चारदा केलंत की शब्द जळतो. आमच्या धंद्यात असंच म्हणतात. दूध करपलं की मग त्यात काहीही घाला, वास जात नाही, तसंच ते.

हे मी भावाला किती वेळा सांगितलं असेल! तो मान डोलवायचा. मान डोलवण्यात त्याचा हात कुणी धरणार नाही. आणि मग पाण्याची बादली तयार ठेवून, टॉवेल पाठीमागे लपवून, अगदी मधाळ आवाजात हाक मारायचा, "साहेब, ये, ये रे माझ्या राजा, ये ना." साहेब शेपूट हलवत आले की धरलं मानगुटीला आणि घातलं बादलीत. नखं तशीच. गोळ्या तशाच. पाहुणे आले की मागच्या खोलीत कोंडायचं तेही तसंच, गोड बोलून. वर्षभरात असं झालं की कुणी 'ये' म्हटलं रे म्हटलं की साहेब पलंगाखाली. घरातले सगळे हसायचे. "बघा, किती हुशार आहे, त्याला कळतं!" भाऊ कौतुकाने सांगायचा.

"हुशार तोच आहे तुमच्यात," मी म्हणायचे. "त्याला माझ्याकडे वर्गात पाठव."

"नको गं. लेकरू आहे ते. त्याला काय हुकूम सोडायचे?"

हुकूम या शब्दाचं आमच्या दोघांचं एक जुनं दुखणं आहे. आमचे वडील बोलवायचे, "इकडे ये." तेवढंच. आवाज चढलेला नसायचा. पण ते ऐकलं की पाऊल पुढे पडायचं नाही, कारण इकडे गेलं की थोबाडीत बसायची. कशाबद्दल ते नंतर कळायचं, कधीकधी कळायचंही नाही. मी मोठी झाले आणि हुकूम नीट कसा द्यायचा ते शिकले. भाऊ मोठा झाला आणि त्याने ठरवलं की आपल्या घरात कुणी कुणाला हुकूम सोडायचाच नाही. मला त्याचं ते पटायचं नाही, पण कुठून आलंय ते कळायचं, म्हणून मी फार ताणलं नाही.

ज्या दिवशी झालं त्या दिवशी फाटकाची कडी नीट लागलेली नव्हती. साहेब बाहेर गेले आणि रस्त्याच्या कडेने आरामात हुंगत निघाले. भाऊ चष्म्याच्या दुकानात काचा घासण्याचं काम करतो, तो कामावर निघायच्या गडबडीत होता. त्याने पाहिलं आणि हाका मारायला सुरुवात केली. "साहेब, ये! इकडे ये! ये ना रे!" कुत्र्याने काय करावं? ते पळालं. त्याच्या मते मागून बादली येत होती. भाऊ पळाला म्हणून ते आणखी पळालं आणि शेजारच्या दोन घरांमधल्या बोळात शिरलं. बोळ पुढे बंद. तिथे पाण्याचं मीटर बघायला आलेला माणूस वाकून आकडे वाचत होता. त्याला बिचाऱ्याला वाटलं, कुणाचं तरी कुत्रं सुटलंय, आपण धरून द्यावं. त्याने गळ्यातला पट्टा धरला. पुढे अनोळखी हात, मागे ओरडत येणारा मालक, दोन्ही बाजूंना भिंती. साहेब चावले. त्या माणसाच्या उजव्या अंगठ्याच्या मुळाशी चावले आणि घाबरून सोडेनात.

पालिकेत तक्रार गेल्याचं कळलं तशी मी त्या मीटरवाल्याच्या घरी गेले. फळांची पिशवी घेऊन, आणि मनात एक हिशेब घेऊन, की माणूस चांगला वाटला तर तक्रार मागे घ्यायला विनवायचं. माणूस चांगलाच निघाला. त्याने मला बसायला सांगितलं, चहाचा कप डाव्या हाताने पुढे केला.

"मला कुत्र्याचा राग नाही हो, बाई," तो म्हणाला. "मला वाटलं, गाडीखाली येईल बिचारं. म्हणून धरलं."

"मग तक्रार..."

"मी कुठे केली? हॉस्पिटलवाल्यांनी कळवलं. चावा एवढा असला की त्यांना कळवावंच लागतं."

बोलता बोलता त्याच्या शर्टाचं वरचं बटण सुटलं. त्याची बायको आतून आली, एक शब्द न बोलता तिने ते लावलं आणि परत आत गेली. अंगठ्याची शीर तुटली होती. डॉक्टर म्हणाले होते की हलेल थोडा, पण पकड येणार नाही. जे मागायला गेले होते ते मी मागितलं नाही. फळं ठेवून निघून आले.

मग पालिकेच्या प्राणी खात्याच्या बाई भावाच्या घरी आल्या. मीही होते. बाई उंच, पोक्त, बोलणं मऊ. त्यांनी साहेबांना दुरून नीट पाहिलं. साहेब त्यांना बघून शेपूट हलवत होते.

"माणसाला कायमची इजा झालीय," बाई म्हणाल्या. "अशा वेळी कुत्रं जातं."

"जातं म्हणजे? कुठे?" भावाने विचारलं.

"म्हणजे इंजेक्शन."

भाऊ मटकन खाली बसला. भावजय दाराला टेकून उभी होती, ती तशीच राहिली. ती लॅबमध्ये दिवसभर लोकांचं रक्त काढते, तिला इंजेक्शन शब्दाचं नवल नव्हतं, पण तिने ओठ असे घट्ट मिटले की पांढरे पडले.

बाईंनी सांगितलं की एक वाट आहे. मालकाचा कुत्र्यावर ताबा आहे असं दिसलं, तर कुत्रं घरी राहू शकतं. बाहेर नेताना तोंडाला मुसकी आणि गळ्यात दोरी, जन्मभर. त्यासाठी महिन्याभराने चाचणी. बस, थांब, सोड, ये. अनोळखी माणसासमोर, मोकळ्या जागेत, मालकाच्या तोंडून. एकदाच. जमलं नाही तर अपील नाही.

बाई गेल्यावर भाऊ माझ्याकडे वळला. या वेळी हसला नाही. "ताई, शिकव गं त्याला. तू सांगशील ते करतो."

मी मनात म्हटलं, अरे गाढवा, वर्षभर मी काय गाणी म्हणत होते? पण तोंडाने म्हटलं, "उद्या सकाळी येते."

जळलेला शब्द टाकूनच द्यावा लागतो. नवा आणावा लागतो, घरात कुणी कधीच न वापरलेला. मी 'हजर' घेतला. साहेब असले म्हणून काय झालं, कधीतरी हजेरी लावावीच लागते. उकडलेलं चिकन नखाएवढं बारीक तोडून खिशात घेतलं. पहिल्या दिवशी नुसती त्याच्याशेजारी बसले. "हजर" म्हटलं की लगेच तोंडात तुकडा. त्याने हलण्याची गरजच नाही. दुसऱ्या दिवशी एका पावलावरून. मग खोलीच्या या टोकाहून त्या टोकाला. मग ओट्यावरून अंगणात.

कुत्रं कसलं, हिरा होता तो! मी एवढी कुत्री शिकवली, पण इतक्या भुकेने शिकणारं थोडंच पाहिलं. जणू इतके दिवस कुणीतरी त्याच्याशी सरळ बोलावं म्हणून तो वाट बघत होता. मी 'हजर' म्हटलं की पडलेला कानसुद्धा अर्धा उभा राहायचा, आणि मग पाय घसरत, दारं आपटत यायचा आणि माझ्यासमोर बसायचा, न सांगता.

अवघड होतं ते भावाला शिकवणं.

"साहेब, हजर. हजर. हजर ना रे, राजा. हजर बरं का, हजर."

"अरे, भाजी विकतोयस का?" मी ओरडायचे. "एकदा म्हण आणि गप्प बस!"

"नाही आला तर?"

"नाही आला तर तू जा. पण दुसऱ्यांदा म्हणू नकोस."

गप्प बसणं त्याच्या जिवावर यायचं. पण तो शिकला. सकाळी कामावर जायच्या आधी आणि आल्यावर, रोज. भावजय ओट्यावर उभी राहून पाहायची आणि त्याने दुसऱ्यांदा तोंड उघडलं की घसा खाकरायची. तिच्या खाकरण्याने त्याला अर्धं शिकवलं. मी दोघांनाही बजावलं होतं, हा शब्द सोन्याचा. औषध, आंघोळ, कोंडणं, यातल्या कशालाही वापरायचा नाही. दोघांनी मान डोलवली.

एक दिवस आम्ही साहेबांना मैदानावर नेलं. लांब दोरी लावून सोडलं. समोर कबुतरांचा थवा उतरला होता. साहेब सुसाट सुटले. भाऊ माझ्याकडे बघायला लागला, मी म्हटलं, "म्हण." त्याने म्हटलं, एकदाच. आणि साहेब अर्ध्यात थांबले. कबुतरं समोर, अगदी तोंडाशी, आणि ते वळले आणि परत धावत आले, भावासमोर बसले.

भाऊ तिथेच मातीत बसला आणि ढसाढसा रडला. साहेब त्याचं तोंड चाटत होते. "त्याने माझं ऐकलं, ताई," तो म्हणाला. "माझं कधी कुणी ऐकलंय का आयुष्यात?"

मलाही भरून आलं. खोटं कशाला बोलू? त्या दिवशी मला वाटलं की वाचला. घरी येताना मी स्कूटरवर गुणगुणत होते.

चाचणीला दोन आठवडे उरले असताना साहेबांचा कान दुखायला लागला. पडलेला कान, आत हवा लागत नाही, असं होतं. डॉक्टरांनी थेंब दिले, सकाळ-संध्याकाळ घालायचे. ते थेंब झोंबतात. त्या दिवसांत मी दुसऱ्या गावी एका गिऱ्हाइकाकडे होते. भावाचा फोन आला, आवाज असा की लॉटरी लागलीय.

"ताई, तुझा शब्द म्हणजे जादू आहे गं! औषधाची बाटली बघून पलंगाखाली जाऊन बसतो, पण 'हजर' म्हटलं की येतो! कानात घालून घेतो बिचारा!"

"किती वेळा?" मी विचारलं.

"रोजच की. कामाला उशीर होतो ना. वाकून कुठे काढत बसू?"

मी फोनवर त्याला काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. परत आले ती थेट त्याच्या घरी गेले. साहेब ओट्यावर बसले होते. मी 'हजर' म्हटलं, ते आले. भावाला म्हटलं, "आता तू." त्याने म्हटलं. साहेब उठले, दोन पावलं आले, थांबले, जीभ ओठांवरून फिरवली आणि मान वळवली. मग आले, पण पोट जमिनीला टेकवून आले. त्याच्या हाताकडे बघत आले.

"आला की!" भाऊ म्हणाला.

"हे येणं नाही रे. तू त्याला पुन्हा फसवलंस."

"फसवलं काय? मी मारलं का त्याला? औषध घातलं. त्याच्याच भल्यासाठी घातलं ना?"

"वडीलही हेच म्हणायचे," मी म्हटलं.

त्याचा चेहरा असा उतरला की मला वाटलं, जीभ झडली असती तर बरं. भावजय आतून आली, तिने थेंबांची बाटली उचलली आणि स्वतःच्या पर्समध्ये टाकली. म्हणाली, "आता मी घालेन. मी त्याच्याकडे जाऊन घालेन. ताई, अजून वेळ आहे ना?"

वेळ होता, पण पुरेसा नव्हता. जे एका आठवड्यात बिघडतं ते एका आठवड्यात जुळत नाही. तरी आम्ही केलं. भावाने मिळेल तेवढा वेळ दिला, चिकन कमी पडलं तर स्वतःच्या ताटातलं दिलं. घरात साहेब यायला लागले होते, कधी सरळ, कधी वाकडे. तिसऱ्या शब्दाला वेळ नव्हता. भावजयीने चाचणी द्यावी म्हणून विचारून पाहिलं, पण नोंद भावाच्या नावावर होती.

चाचणीच्या दिवशी पालिकेच्या बाई मैदानावर आधीच येऊन उभ्या होत्या. भावाने इस्त्रीचा शर्ट घातला होता, कुणाला दाखवायला कोण जाणे. साहेब बसले. साहेब थांबले, बाई अगदी जवळून चालत गेल्या तरी थांबले. तोंडापुढचं हाड सोडलं. बाई मान हलवत होत्या, त्यांनाही आवडत होतं, दिसत होतं मला. मग त्यांनी दोरी सोडायला सांगितली आणि भावाला मैदानाच्या पलीकडच्या टोकाला पाठवलं.

त्याने नीट म्हटलं. मी त्याला दोष देणार नाही, त्याने अगदी मी शिकवलं तसं म्हटलं, एकदाच, मोकळ्या आवाजात. साहेब धावत सुटले. अर्ध्यापर्यंत आले आणि थांबले. भाऊ उन्हाकडे तोंड करून उभा होता, डोळ्यांवर ऊन आलं म्हणून त्याने हात वर केला. बाटली धरतात तसा. साहेबांचे दोन्ही कान मागे गेले.

भाऊ गप्प राहायला हवा होता. दहा श्वास गप्प राहिला असता तर कदाचित आला असता. पण त्याचा धीर सुटला. "हजर... हजर ना रे. ये. ये, राजा, ये ना!"

ते ऐकलं आणि साहेब वळले, आणि मैदानाच्या कुंपणाला जाऊन चिकटले, जितकं लांब जाता येईल तितकं.

मी बाईंना विचारलं, "मी बोलावू?" त्यांनी मानेनेच हो म्हटलं. मी म्हटलं, एकदाच. साहेब कुंपणापासून सुटले ते थेट माझ्या पायाशी.

बाई साहेबांकडे बघत म्हणाल्या, "तुमच्याकडे येतो. पण राहतो त्यांच्याकडे."

"मग मी नेते. आत्ता नेते. लिहून देते."

"चावलेलं कुत्रं दुसऱ्या घरी देता येत नाही, ताई. तसं असतं तर मीच सुचवलं असतं."

मी त्यांच्या ऑफिसात गेले. त्यांच्या वरच्या साहेबांकडे गेले, भांडले, हात जोडले. लाज सोडून मीटरवाल्याकडेही परत गेले, आणि त्या भल्या माणसाने डाव्या हाताने लिहूनही दिलं की माझं काही म्हणणं नाही. उपयोग झाला नाही. सगळे माझ्याशी नीट बोलले. कुणी उर्मट बोललं असतं तर निदान भांडून मोकळी झाले असते.

गाडी सकाळी येणार होती. भावजय मुद्दाम कामावर गेली. जायच्या आधी ती साहेबांकडे गेली, त्यांना बोलावलं नाही, स्वतः चालत गेली, साडी मातीत लोळत होती तरी खाली बसली आणि त्यांच्या कपाळाला कपाळ लावलं. मग उठली, पदराने तोंड पुसलं आणि मागे न बघता निघून गेली.

गाडीतून दोन माणसं उतरली. त्यांच्या हातात लांब काठी होती, टोकाला तारेचा फास. साहेबांनी ती काठी पाहिली आणि मागच्या अंगणात पाण्याच्या टाकीखालच्या खबदाडात शिरले. तिथे माणूस मावत नाही. त्यांनी काठी आत घातली. फास गळ्याऐवजी पायात अडकला. साहेब किंचाळले. मी ती किंचाळी याआधी कधी ऐकली नव्हती. मग गुरगुरणं सुरू झालं.

"असं जमणार नाही," एक जण म्हणाला. "गुंगीची सुई फेकून मारावी लागेल. त्याने जरा तडफडतात, पण इलाज नाही."

भाऊ माझा दंड धरून उभा होता. "ताई," तो म्हणाला.

"नाही."

"ताई, तू बोलाव. तुझ्याकडे येईल. त्याला असं ओढून नको नेऊ दे."

"मेले तरी बोलावणार नाही. मी त्याच्याशी एकदाही खोटं बोललेले नाही."

"माझ्यासाठी नको. त्याच्यासाठी बोलाव."

काठी पुन्हा आत गेली. तो पुन्हा किंचाळला.

मी त्या दोघांना मागे सारलं. काठी खाली ठेवायला लावली. अंगणाच्या मधोमध उभी राहिले, रोज उभी राहायचे तशी, हात बाजूला सोडून, आवाज मोकळा ठेवून. तो मोकळा ठेवायला मला काय लागलं ते माझं मला माहीत. म्हटलं, "साहेब, हजर."

तो आला. अंगाला जळमटं, मागचा एक पाय लंगडत, पण धावत आला. माझ्यासमोर बसला, न सांगता, आणि वर माझ्या तोंडाकडे बघायला लागला. शेपूट मातीवर आपटत होती. मी खिशात हात घातला आणि होतं नव्हतं ते सगळं त्याच्यापुढे धरलं. त्याने एकेक तुकडा हळू घेतला, दात लागू न देता, मी शिकवलं होतं तसं. तो खात असताना दोरी मीच अडकवली. दुसऱ्या कुणी त्याला हात लावलेला मला चालला नसता. गाडीच्या फळीवरून तो माझ्याबरोबर चढला. पिंजऱ्यात गेला, गोल फिरला, बसला आणि पुन्हा माझ्या खिशाकडे बघायला लागला. खिशात काही उरलं नव्हतं.

दार लागलं. गाडी सुरू झाली.

भाऊ फाटकाला धरून उभा होता. तोंड रडून सुजलेलं, शर्ट मातीने भरलेला. गाडी वळेपर्यंत तो बघत राहिला.

"एका हाकेत आला गं, ताई," तो म्हणाला, आणि देवाशपथ सांगते, त्याच्या आवाजात कौतुक होतं.